चौथीतल्या मुलाला वाचता का येत नाही? – पहिली-दुसरी शिकवण्यात गेलेली नोकरी

आनंदवल्ली

मंडळी, मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर 'झेडपीच्या चौथीच्या पोरांना धड वाचता येत नाही, शिक्षक करतात काय' असा वाद रंगला होता. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी नाशिक जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षिका होते. १९८९ ला लागले, २०२४ ला निवृत्त झाले. आधी पेठ तालुका, मग दिंडोरी, शेवटची वर्षं नाशिक तालुक्यात शहराला चिकटलेल्या एका गावात. बहुतेक काळ पहिली-दुसरी. पहिलीचा वर्ग सहसा कुणाला नको असतो, स्कॉलरशिपच्या वर्गाला मुलं चमकली की बाईंचंही नाव होतं, पहिलीच्या बाईचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही. मी तो वर्ग मागून घ्यायचे. मूल आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं स्वतः वाचतं ते त्या वर्गात, आणि ते बघायला मिळणं मला फार मोलाचं वाटायचं, अजूनही वाटतं.

आता मुद्दा. चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते एकच – पहिलीपासून त्याचं एकट्याचं वाचन कुणी ऐकलेलंच नसतं. वर्गात वाचन भरपूर होतं. बाई एक ओळ म्हणतात, मागून सगळी पोरं एका सुरात म्हणतात, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं वा काय छान चाललंय. पण त्या सुरात कोण वाचतंय आणि कोण शेजारच्याच्या आवाजावर चाललंय हे कळायला मार्गच नसतो.

पेठ तालुक्यात असताना माझ्याकडे दुसरीत एक मुलगी होती. धडा खणखणीत वाचायची, शब्दाखाली बोट ठेवून, कुठे अडायची नाही. एक दिवस तिला पुढे बोलावून वाचायला लावलं, खिडकीतून वारं आलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. बोट आता भलत्याच धड्यावरून फिरतंय आणि ही मात्र मघाचाच धडा म्हणतेय, पुढची वाक्यंसुद्धा बरोबर. मी पुस्तक मिटलं तरी चालूच. थोरला भाऊ घरी मोठ्याने वाचायचा, ते ऐकून तिचा अख्खा धडा पाठ होता. अक्षरं तिला दहा-बाराच येत होती.

बरेच जण इथे म्हणतील की बघा, पोपटपंची. मी म्हणते, नुसतं ऐकून जिला सहा-सात धडे पाठ होतात ती मुलगी ढ कशी? आणि तिचं ते पाठांतर मी वाया नाही घालवलं. तिला येत असलेला धडाच पट्ट्यांवर लिहिला, एक वाक्य एक पट्टी. पट्ट्या विस्कटून टाकायच्या आणि तिने क्रमाने लावायच्या. मग एका पट्टीचे शब्द कात्रीने कापायचे, 'यातला पाऊस कुठला दाखव' विचारायचं. तिला वाक्य माहीत असल्यामुळे ती मनात म्हणत म्हणत बोट सरकवायची आणि चौथ्या तुकड्यावर पाऊस सापडायचा. मग पाऊसमधला प आणि पानमधला प एकच आहे हे तिनेच मला सांगितलं. दिवाळीच्या आत ती न ऐकलेली गोष्ट वाचायला लागली.

बाराखडीबद्दल पण लिहिते कारण वाद तिथेच पेटतो. क काना का, क वेलांटी कि हे मुलांना ओळीने येतं, गाण्यासारखं म्हणतात. पण मधलंच 'की' दाखवून विचारलं तर मूल क पासून सुरुवात करतं आणि मोजत तिथपर्यंत येतं. म्हणजे ओळ येते, अक्षर नाही. मी काय करायचे, तर आधी चारच अक्षरं – ब, क, म, र – आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. एवढ्यावर 'बाबा काम करा' हे अख्खं वाक्य होतं! पहिलीतलं मूल जूनमध्ये शाळेत आलं आणि जुलैत घरी जाऊन बापाला हे वाक्य वाचून दाखवतं, त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते अ ते ज्ञ पूर्ण होण्याची वाट बघण्यात येत नाही. मुळाक्षरं सगळी संपवून मग काना-मात्रा घ्यायची पद्धत मला कधीच पटली नाही, तोपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि मुलाने अर्थ असलेलं एक वाक्य वाचलेलं नसतं.

आणि आमच्या भागात डिसेंबर म्हणजे अर्धा वर्ग रिकामा. पेठ-सुरगाण्यातली घरंच्या घरं दिवाळीनंतर द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मग काढणी, काही टोळ्या तर ऑक्टोबरच्या छाटणीलाच गेलेल्या असतात. बरोबर लहान पोरं. परत येतात होळीला नाहीतर त्याच्याही नंतर. आता पुस्तकाचा वेग बघा, पहिलीत काना-मात्रा-वेलांटी ज्या महिन्यांत पक्की व्हायची नेमक्या त्याच महिन्यांत मूल बागेत. दुसरीत परत तेच. मग हे मूल चौथीत जातं, त्याला अक्षरं येतात पण जोडून शब्द होत नाही, आणि आपण म्हणतो की शाळेत चार वर्षं होता तरी याला काही येत नाही. चार वर्षं होता कुठे?

दिंडोरीला बदली झाल्यावर हीच गोष्ट मला दुसऱ्या टोकाने दिसली, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आता हात दुखला.

सुरगाणा_डायरी

नमस्कार मॅडम. मी सुरगाणा तालुक्यात शिक्षणसेवक आहे, दुसरं वर्ष. तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या वर्गात रोज बघतो. आमची द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी, मुख्याध्यापक सर मीटिंगला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. एकेका मुलाचं ऐकायचं म्हटलं तर बाकीची काय करणार? आणि चौथीत चार जण असे आहेत की काना-वेलांटीतच गोंधळ आहे. त्यांना पहिलीचं पुस्तक दिलं तर घेत नाहीत, दप्तरात लपवून ठेवतात. कृपया सविस्तर सांगा, मला खरंच गरज आहे.

जुना_सिडकोवासी

लेख चांगला आहे पण बाराखडीवर अन्याय करताय असं वाटतं. आम्ही ६० च्या दशकात शिकलो, एका वर्गात सत्तर पोरं, गुरुजी एक, छडी एक, बाराखडी आणि पाढे ओरडून ओरडून म्हणायचो आणि सगळे वाचायला शिकलो. आता इतक्या पद्धती, इतकी प्रशिक्षणं, आणि निकाल काय?

आनंदवल्ली

@जुना_सिडकोवासी, काका, मान ठेवून विचारते, तुमच्या पहिलीतल्या सत्तरांपैकी मॅट्रिकला किती जण होते? जे वाचायला शिकले नाहीत ते चौथीच्या आत शाळा सोडून गेले. त्यांची आठवण कुणी ठेवत नाही, म्हणून 'सगळे शिकलो' असं वाटतं. आज ती मुलं शाळेत टिकलीत, आठवीपर्यंत टिकतात, म्हणून दिसतात. ही चांगली गोष्ट आहे, फक्त त्यांना शिकवायचं काम आता आपल्यावर आलंय जे त्या काळी कुणी अंगावर घेतलंच नव्हतं. पाठांतराशी माझं भांडण नाही. कविता, पाढे, श्लोक भरपूर पाठ करून घ्यावेत, त्याने भाषा तयार होते. पण पाठ म्हणणं झालं म्हणजे वाचन आलं असं समजून पुढे जाऊ नये.

@सुरगाणा_डायरी, सर, आधी वेळेचं. रोज सगळ्यांचं ऐकायचं नाही. जे वाचतात त्यांचं आठवड्यातून एकदा, जे अडतात त्यांचं रोज, दोन ते तीन मिनिटं. मी दाराजवळ पाट टाकून बसायचे, परिपाठ झाल्यावर आणि दुपारी खिचडीनंतर जी पंधरा-वीस मिनिटं अशीच विस्कळीत जातात ना, तीच वापरायची. बाकीच्यांना तेव्हा शब्दपट्ट्यांचा डबा. पट्ट्या विकत आणू नका, लग्नपत्रिका गोळा करा, गावात प्रत्येक घरी पडलेल्या असतात, मागची बाजू कोरी, पुठ्ठा जाड. एका वहीत एका मुलाला एक पान. तिथे मार्क लिहायचे नाहीत, कुठल्या शब्दावर अडलं ते लिहायचं. पंधरा दिवसांनी ते पान बघितलं की दिसतं, हा मुलगा सगळीकडे अडत नाही, फक्त वेलांटीवर अडतो.

वेलांटीचं जरा जवळून बघा. 'कविता' लिहिलंय. वेलांटी व ची, पण डोळ्याला ती दिसते क आणि व च्या मध्ये. तोंडात आधी व् येतो मग इ, कागदावर आधी वेलांटी मग व. मूल ती क ला चिकटवतं आणि 'किवता' वाचतं. हे मूल चुकत नाहीये, डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसं वाचतंय! त्याला फक्त एवढं सांगावं लागतं की ही काठी पुढच्या अक्षराची आहे, आणि ते दहा-वीस शब्दांत दाखवावं लागतं, रंगीत खडूने वेलांटी आणि तिचं अक्षर एका रंगात. रफाराचंही तसंच, 'सूर्य'चं 'सूयर' होतं कारण र वर उडून शेवटी बसलाय. 

चौथीच्या चौघांना पहिलीचं पुस्तक देऊ नका. त्यांना लाज वाटते आणि ती बरोबर आहे. त्यांना काम द्या – पहिलीच्या पोरांना शुक्रवारी गोष्ट वाचून दाखवायची. चार ओळींची चित्रगोष्ट. आठवडाभर तुमच्याजवळ बसून ती तयार करतील, सोपं पुस्तक हातात धरायला त्यांना आता कारण मिळालं, बारक्यांपुढे मान राहते. हे मी कितीदा केलंय आणि एकदाही फुकट गेलेलं नाही. शिवाय बियाण्याची पाकिटं, एसटीच्या पाट्या, आधार कार्डावरचं बापाचं नाव, जे काही त्यांच्या घरात लिहिलेलं आहे ते वाचायला लावा.

कॉलेजरोड_०७

छान धागा. मी डी.एड. करताना 'असर'च्या सर्वेक्षणाला गावात गेलो होतो, त्याबद्दल थोडं. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून आहे, ग्रामीण भागात घरोघर जाऊन करतात, शाळेत नाही. मुलाला एक कागद देतात त्यावर चार गोष्टी – अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आणि प्रत्येक मुलाचं एकट्याचं ऐकतात. ताई म्हणतात तेच, म्हणूनच त्यातून जे दिसतं ते शाळेच्या निकालपत्रकात दिसत नाही. २०२४ च्या असरमध्ये देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये कोविडच्या बंदनंतर हा आकडा २०.५ होता, म्हणजे भरून निघतंय पण अजून चारातल्या तिघांना नाही येत.

तालुक्यातल्या एका शाळेत मी 'पातळीनुसार गट' पद्धत पाहिली, दिवसातला तास-दीड तास इयत्ता विसरायची, तिसरी-चौथी-पाचवीतली अक्षर पातळीवरची सगळी मुलं एका गटात, शब्दवाली दुसऱ्या गटात. @सुरगाणा_डायरी तुमच्याकडे चारही वर्ग एका खोलीत असतील तर हे उलट सोपं जाईल.

एक प्रश्न ताईंना, निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान, ५ जुलै २०२१ ला सुरू झालं ते) तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह असं लक्ष्य आहे. तुम्हाला हे वेगाचं पटतं का?

आनंदवल्ली

@कॉलेजरोड, लक्ष्य पटतं, मोबाईलवर घड्याळ लावून मुलापुढे बसणं पटत नाही. वेग लागतो याला कारण आहे. एका वाक्यातले आठ शब्द वाचायला मूल एक मिनिट घेत असेल तर आठव्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला विसरलेला असतो, मग अर्थ कुठून लागणार. पण घड्याळ दिसलं की पोरं शब्द गिळतात, 'अर्थासह' मागे पडतं. मी वाचून झाल्यावर पुस्तक बंद करून एकच विचारायचे, 'काय झालं गोष्टीत?' आपल्या शब्दांत सांगितलं की वेग पुरेसा आहे असं समजायचं.

आता दिंडोरीचं राहिलं होतं. तिथल्या माझ्या शाळेच्या भोवती सगळ्या द्राक्षबागा. जानेवारीत बागांच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाची पालं उभी राहायची आणि त्यात पेठची पोरं. काहींना मी ओळखायचे, आधीच्या गावची. मोठी बहीण असेल तर धाकट्याला सांभाळायला तिला पालावर ठेवलेलं, ती तर शाळेत येणं अशक्य. मी संध्याकाळी चक्कर मारायचे, एक-दोन बागाईतदार स्वतःहून म्हणाले बाई पोरं घेऊन जा, काहींना वाटायचं ही बाई मजुरांना काहीतरी शिकवतेय. शाळेत आणलेल्या मुलांना वर्गात बसवणं पुरत नाही. चार महिन्यांचा पाहुणा म्हणून मागे बसवलं की गेलंच ते. त्याचं नाव हजेरीत हवं, त्याला पट्ट्यांचा डबा तोच हवा, आणि परत जाताना त्याची पातळी काय हे त्याच्या मूळ शाळेतल्या गुरुजींना कळायला हवं. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शाळेने द्यायचं शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच आहे, पण त्यावर नाव-इयत्तेच्या पलीकडे काही लिहिलेलं मी क्वचित पाहिलं. मी मागे पेनाने लिहून द्यायचे, 'काना, वेलांटी येते. उकारात अडते. गोष्ट सांगायला आवडते.' पलीकडच्या बाईंना तेवढं पुरतं.

बागलाणी

मी सटाण्याकडचा. घरी अहिराणी. पहिलीत आईबद्दल बोलायला सांगितलं आणि मी 'मन्ही माय' म्हणून सुरू केलं तर वर्ग हसला आणि गुरुजीही हसले. त्यानंतर मी वर्षभर तोंड उघडलं नाही. वाचता येत होतं मला थोडंफार पण मोठ्याने वाचायचो नाही, कारण तोंडातून काय निघेल याची भीती. दुसरीत बाई बदलल्या, त्यांनी मी बोललो ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या वाच. पाहिलं तर माझं बोलणं फळ्यावर! ते मी लगेच वाचलं. त्याच्याखाली पुस्तकातल्या मराठीत तेच लिहिलं. आज मी मराठीत एम.ए. आहे.

आनंदवल्ली

@बागलाणी, हे वाचून फार बरं वाटलं. पेठला मुलं घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली, गोव्याकडची नव्हे) बोलायची, पुस्तकातली मराठी त्यांना टीव्हीच्या भाषेसारखी. मी रोज सकाळी 'काल काय झालं' विचारायचे आणि एकाचं उत्तर त्याच्याच बोलीत फळ्यावर. शेळी व्याली, ओहोळाला पूर आला, आजी देवाला गेली. ते वाक्य मुलं दिवसभर येता-जाता वाचायची. पालघरकडे, आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे काम केलं ते आम्हाला डी.एड.ला दोन पानांत उरकलं होतं. नोकरीत आल्यावर मी ते मुळातून वाचलं आणि मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच शिकवायचं साहित्य घ्या, हे त्यांनी करून दाखवलंय.

पाथर्डीफाटा_आई

नमस्कार ताई, माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगा इंग्लिश मीडियमला, चौथीत. घरी आम्ही मराठीच बोलतो पण मराठी वाचायचं म्हटलं की पळतो. शाळेत मराठी विषय आहे (२०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांना सक्तीचा झालाय ना), पण तिथे प्रश्नोत्तरं पाठ करून मार्क मिळवतो. त्याची आजी मोठं मोठं लिहून पाठवते आणि तो मला म्हणतो तूच वाचून दाखव. काय करू?

आनंदवल्ली

तुमचं काम त्यामानाने हलकं आहे. तो बोलतो मराठी, अर्थ त्याच्याकडे आहेच. शाळेत हिंदी असेल तर लिपीही बरीचशी येत असणार, मग अ-आ पासून बसवू नका, कंटाळेल. ळ, वाऱ्यावर मधला अर्धा र, आणि मराठीचं ऱ्हस्व-दीर्घ एवढंच नवीन. चोर आणि चार मधला च वेगळा उच्चारायचा हे त्याला कुणी शिकवायला नको, बोलताना तो बरोबरच म्हणतो. रोज झोपताना दहा मिनिटं, एक ओळ तुम्ही एक ओळ तो. अडला तर शब्द लगेच सांगून टाका, 'आठव, आठव' करू नका, गोष्ट तुटते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या, पहिल्या पातळीपासून घ्या. आणि आजीला त्यानेच उत्तर लिहायचं, हाताने, दोन ओळी. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही काढू नका, आजीलाही सांगून ठेवा.

गंगापूररोड_विशेषशिक्षिका

एक महत्त्वाचं राहतंय म्हणून लिहिते. नीट शिकवूनही मूल अडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं दिसत नाही हे पहिलीतलं मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा हे मूल आवर्जून दाखवा, नाव लिहून ठेवा. दुसरं, घ-ध, भ-म, ब-व यांचा गोंधळ पहिलीत सगळ्यांचाच होतो, त्यावरून 'डिस्लेक्सिया आहे' म्हणू नका. आठ वर्षांच्या पुढे, तिसरीत गेल्यावरही हे टिकून राहिलं आणि बोलण्यात, हिशोबात मूल हुशार असेल तर तपासणी करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळतं, परीक्षेत सवलती मिळतात. पण सवलत म्हणजे उपचार नव्हेत, रोजचा सराव सुटत नाही. ताईंनी लिहिलेली पट्ट्यांची पद्धत, रंगीत वेलांटी, शब्द कापून परत जोडणं, आम्ही हेच करतो, फक्त जास्त हळू आणि जास्त वेळा.

निफाड_थॉमसन

मी बागाईतदार. दिंडोरीचं वाचलं आणि दोन दिवस डोक्यात घोळत होतं. माझ्याकडे दरवर्षी सुरगाण्याची टोळी असते, सात-आठ पोरं असतात बरोबर. आम्ही त्यांना खाऊ देतो, कपडे देतो, शाळेचं कधी डोक्यात आलं नाही कारण वाटायचं की दाखला नाही, मधल्या महिन्यात कोण घेणार. खरंच घेतात का?

आनंदवल्ली

घ्यावंच लागतं दादा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधे आलं म्हणून नाही, आणि वयानुसार वर्गात बसवायचं. तुम्ही एवढंच करा, टोळी आली की पहिल्या आठवड्यात मुकादमाला बरोबर घेऊन जवळच्या झेडपी शाळेत जा. तुम्ही स्वतः गेलात तर फरक पडतो, आई-बाप एकटे शाळेच्या दारापर्यंत जायला बिचकतात. अंतर असेल तर सकाळी सोडायची काहीतरी सोय. आणि धाकट्यांसाठी अंगणवाडीशी बोला, धाकटं कुणीतरी सांभाळलं तरच थोरली बहीण शाळेत जाईल, नाहीतर ती पालावरच राहते.

निफाड_थॉमसन

दूध घालायला पिकअप जातेच सकाळी, शाळा वाटेवर आहे. या छाटणीपासून करतो. शेजारच्या दोघांशीही बोललो, त्यातला एक तयार आहे.

जुना_सिडकोवासी

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर विचार केला. आमच्या पहिलीतले जे आठवले त्यांची नावं लिहून काढली. मॅट्रिकपर्यंत आलेले फारच थोडे निघाले. पाठांतराबद्दल माझं मत तेच आहे, पण 'सगळे शिकलो' हे वाक्य मी मागे घेतो. माझ्याकडे नातवंडांची चांगल्या स्थितीतली मुलांची पुस्तकं आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात देणार होतो, पण तिथे १८४० पासूनचा साठा आहे, सुरगाण्याला जास्त गरज दिसते.

सुरगाणा_डायरी

काका मला हवीत! शक्यतो मोठ्या अक्षरातली, कमी मजकुराची. नाशिकमधल्या कुणाला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली पुस्तकांची पेटी शाळेसाठी मिळवण्याबद्दल माहिती असेल तर तेही सांगा.

मॅडम, चौथीच्या चौघांचं गोष्टवाचन सुरू केलं. पहिल्या शुक्रवारी दोघांनीच वाचलं, तिसरा मधेच थांबला पण पहिलीतल्या एका पोरीने त्याला 'पुढे काय झालं' विचारलं तर त्याने सोमवारी परत पुस्तक मागून घेतलं. आता अडचण जोडाक्षरांची. कुठून सुरू करू? पुस्तकात सगळी एकदम येतात.

आनंदवल्ली

सर, ज्या अक्षरांना उभी काठी आहे तिथून. काठी काढली की अर्धं अक्षर, हे डोळ्याला दिसतं. आधी तेच अक्षर दोनदा – चप्पल, गल्ली. मग स आणि म, न, ल ची – पुस्तक, रस्ता, मस्त, सुस्त, तुम्ही, आम्ही. शब्द त्यांच्या तोंडातले घ्या, म्हणजे निम्मं वाचलं की उरलेलं त्यांना सुचतं. ही पक्की झाली की र, आणि र ची चारही रूपं एकत्र दाखवायची नाहीत. आधी खालची तिरकी रेघ, प्राणी, ग्रामपंचायत. मग ट्रक, ट्रॅक्टर, हे पोरांना फार आवडतं. मग रफार, सूर्य, गर्दी. शेवटी वाऱ्यावर, दुसऱ्या. द्ध, द्य, क्ष, ज्ञ हे सोडवायला जाऊ नका, ते चित्रासारखे अख्खे ओळखू द्या, शुद्ध, विद्या, पक्षी, ज्ञान. एका आठवड्यात एकच प्रकार, आणि त्या आठवड्याच्या शुक्रवारच्या गोष्टीत तो प्रकार सात-आठदा येईल अशी गोष्ट निवडा, नसेल तर चौघांना घेऊन तुम्हीच लिहा.

काकांची पुस्तकं मी बघून वेगळी करून ठेवते, मी आनंदवल्लीत राहते आणि सिडकोत माझी बहीण आहे, तेव्हा आणणं अवघड नाही. तुम्ही नाशिकला याल तेव्हा निरोप टाका. पट्ट्यांचे माझे दोन डबे घरी आहेत, एक पूर्ण जोडाक्षरांचा आहे, तोही घेऊन जा.